उघडे काँक्रीट, झाकलेली नावे

(द्वितीय वर्ष कला)

यंदाच्या स्नेहसंमेलनातले कलाप्रदर्शन ज्यांनी पाहिले, त्यांना जिन्याखालच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली एक करडी, ओबडधोबड वस्तू कदाचित आठवत असेल. रुंदी तीन फूट, उंची चार फूट. प्लायवूडच्या फळीवर इंचभर जाडीचे सिमेंट, त्यावर लाकडाच्या रेघांचे ठसे, मध्ये रुतलेले बारदान, गंजलेली तार, सिमेंटच्या गोणीचा कागद आणि खालच्या बाजूला बांगड्यांचे हिरवे तुकडे. चौघांनी उचलून ती आत आणली. ती माझी होती.

त्या दिवशी तिच्याविषयी जे उद्गार निघाले ते मी खांबाआड उभी राहून ऐकले. कुणी म्हणाले, “बांधकाम अजून चालू आहे वाटतं!” कुणी म्हणाले, “स्लॅबचा तुकडा इथे कुणी आणून टाकला?” मलाही हसू आले, खोटे कशाला सांगू? मांडणी करणाऱ्या मंडळींपुढे खरी अडचण होती. हे चित्र म्हणावे तर रंग नाही, शिल्प म्हणावे तर आकृती नाही. शेवटी ‘इतर’ या सदरात क्रोशाचे रुमाल आणि थर्मोकोलचा ताजमहाल यांच्या शेजारी त्याची सोय झाली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. रुमाल फार सुंदर होते.

हा लेख त्या कलाकृतीची वकिली करण्यासाठी लिहीत नाही. दोन गोष्टी मनात आहेत. एक, असल्या कलेशी आपल्यासारख्या खानदेशातल्या मुलामुलींचा काही संबंध आहे का? आणि दुसरी, ती वस्तू करताना माझ्या हातून जी चूक झाली, ती माझ्या एकटीची आहे की आपल्या सगळ्यांची? पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते.

मागच्या वर्षी ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेचे पुस्तक शोधताना वास्तुकलेवरचा एक जाडजूड ग्रंथ हाती आला. चाळता चाळता चंदिगडच्या इमारतींची छायाचित्रे दिसली. उच्च न्यायालय, सचिवालय, विधानसभा. मोठमोठे खांब, खोल सावल्या, आणि भिंतींना ना रंग ना गिलावा! मी थांबले ती इमारतींच्या भव्यतेमुळे नव्हे. एका भिंतीच्या छायाचित्रात मला फळीच्या रेघा दिसल्या. काँक्रीट ओतताना ज्या फळ्या लावतात, त्यांच्या लाकडाच्या शिरा, गाठी, दोन फळ्यांमधली उंच राहिलेली धार. या रेघा मी लहानपणापासून ओळखते. पुस्तकात छापण्याजोगे असे त्यांत काही असते, हे मात्र त्या दिवशी प्रथमच कळले.

या वास्तुशैलीला ब्रूटॅलिझम म्हणतात. नाव ऐकून वाटते की यात काहीतरी क्रौर्य असावे. तसे नाही. कच्च्या, उघड्या काँक्रीटला फ्रेंच भाषेत ‘बेताँ ब्र्यूत’ म्हणतात, त्यावरून हा शब्द रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात घरे हवी होती आणि पोलादाची टंचाई होती. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने फ्रान्समधील मार्सेय येथे एक अवाढव्य निवासी इमारत बांधली. ती १९५२ साली पुरी झाली. काम काही एकसारखे उतरले नव्हते. कुठे फळी सरकली होती, कुठे खडी उघडी पडली होती. हे सारे झाकून टाकण्याऐवजी त्याने ते तसेच ठेवायचे ठरवले. इंग्लंडमध्ये ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुकार दांपत्याने हा विचार उचलला आणि १९५५ साली रेनर बॅनहॅम या समीक्षकाने त्यावर लेख लिहून नाव पक्के केले. सूत्र साधे होते. इमारत ज्या वस्तूची आहे ती वस्तू दिसू द्या. जसे बांधले तसे दाखवा.

हाच कॉर्बुझिए आपल्या देशात चंदिगडला आला. तेथील उच्च न्यायालय १९५५ मध्ये उभे राहिले, सचिवालय १९५८ मध्ये, विधानसभा १९६२ मध्ये. २०१६ साली युनेस्कोने तो सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. विशेष म्हणजे त्या उघड्या काँक्रीटच्या आत दुसरी माध्यमेही आहेत. न्यायालयाच्या दालनांत आवाज घुमू नये म्हणून लोकरीत विणलेली प्रचंड चित्रे टांगली आहेत. विधानसभेला मीनाकारीचा रंगीत दरवाजा आहे. करड्या काँक्रीटशेजारी लोकर, धातू, रंग. मिश्र माध्यम म्हणतात ते हेच की!

आता आमच्या घराकडे वळते, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

आमचे मूळ गाव अमळनेर तालुक्यात. दोन एकर कोरडवाहू जमिनीत भागेना म्हणून आप्पा जळगावला आले आणि सेंटरिंगच्या कामाला लागले. आम्ही मेहरूणला राहतो. मेहरूण म्हटले की लोकांना तलाव आठवतो आणि बोरे आठवतात. ते योग्यच आहे. मेहरूणच्या बोराची जात शेतीच्या पुस्तकांतही याच नावाने ओळखली जाते. पण पहाटे तलावावर फिरायला येणाऱ्यांना आणखी एक मेहरूण दिसत असेल. सायकलीच्या हँडलला डबा आणि पिशवीत हातोडी-पकड घेऊन कामावर निघालेले.

सेंटरिंगवाला काय करतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. स्लॅब टाकण्याआधी तो खाली टेकू उभे करतो, त्यांवर आडवी लाकडे आणि फळ्या किंवा लोखंडी प्लेटा बसवतो, फटी बुजवतो, काँक्रीट चिकटू नये म्हणून जळके तेल फिरवतो. म्हणजे काँक्रीटची इमारत होण्याआधी तो लाकडाची एक इमारत बांधतो. त्यावर आसारी बांधली जाते आणि मग एके दिवशी सकाळपासून खडी, वाळू, सिमेंट यांची घमेली चढू लागतात. स्लॅबचे काम मध्येच थांबवता येत नाही; अंधार पडला तर दिवे लावून पुरे करतात. पुढे निदान आठवडाभर पाणी मारायचे. मग आप्पा येऊन आपली लाकडाची इमारत सोडवून घेऊन जातात. वर छत राहते, त्यावर त्यांच्या फळ्यांचे ठसे राहतात. त्यानंतर गिलाव्याचा माणूस येतो आणि ते ठसेही जातात.

माझ्या आईने बरीच वर्षे स्लॅबवर घमेली वाहिली. गुडघे दुखू लागल्यावर सोडले. शाळा सुटल्यावर नव्या स्लॅबला पाणी मारायला मी अनेकदा जात असे. बारदान भिजवून अंथरायचे, कडेने मातीची आळी करून पाणी साठवायचे. ओल्या सिमेंटचा वास आला की मला अजून परीक्षेच्या आधीचे दिवस आठवतात, कारण पाठांतर मी तिथेच करीत असे.

तर ते चंदिगडचे छायाचित्र मी मोबाईलवर टिपून आणले आणि आप्पांना दाखवले. जगातल्या मोठ्या वास्तुकाराने फळीच्या रेघा जपून ठेवल्या, हे सांगताना मला फार अभिमान वाटत होता. आप्पांनी चष्मा लावला, चित्र मोठे करून पाहिले. म्हणाले, “फळ्या चांगल्या लायेल शेतस.” मी खूश झाले. मग चष्मा काढून ते म्हणाले, “पन हाई काम आधुरं शे. पिलास्तर बाकी शे.”

वाचकहो, हसू नका. या एका वाक्याने मला जितका विचार करायला लावला तितका त्या जाडजूड ग्रंथाने लावला नाही.

कॉर्बुझिए म्हणतो, वस्तू आहे तशी दिसू दे. आप्पा म्हणतात, गिलावा नाही म्हणजे काम अपुरे. यांत बरोबर कोण? आमच्या गल्लीत येऊन पाहा. निम्म्या घरांना बाहेरून गिलावा नाही. छतावर आसाऱ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. वरचा मजला कधीतरी होईल या आशेवर त्या गंजत आहेत. आमच्या गल्लीत याला कुणी प्रामाणिकपणा म्हणत नाही. पैसे संपले म्हणतात. ज्याला गिलावा परवडतो आणि तरी तो करीत नाही, त्याच्या उघड्या भिंतीला शैली म्हणायचे. ज्याला परवडत नाही, त्याच्या तशाच भिंतीला दारिद्र्य म्हणायचे. भिंत तर एकच आहे.

शिवाय आपल्या खानदेशचा उन्हाळा! पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली आग ओततो. गावाकडचे आमचे जुने धाब्याचे घर, मातीच्या जाड छताचे, त्या मानाने किती गार! चंदिगडच्या इमारतींना ऊन अडवणारे खोल छज्जे आणि काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या आहेत. आमच्या वाट्याला काँक्रीट आले, छज्जे आले नाहीत. तेव्हा उघड्या काँक्रीटचे गोडवे गाणाऱ्याने एक मे महिना आमच्या घरी काढावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

मग या शैलीवरून कलाकृती करण्याचा खटाटोप कशासाठी? हे शहरी लोकांचे फॅड नव्हे काय? असा प्रश्न आमच्या वर्गातील एका मित्राने मला विचारला आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की, उघड्या काँक्रीटमध्ये एक खरी गोष्ट दिसते, पण ती वास्तुकार सांगतात त्याहून थोडी निराळी आहे.

दिल्लीच्या प्रगती मैदानावर ‘हॉल ऑफ नेशन्स’ नावाचे एक भव्य प्रदर्शनगृह होते. वास्तुकार राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी ते १९७२ साली उभे केले. त्रिकोणांच्या जाळ्यासारखी ती रचना दुसऱ्या देशात पोलादी नळ्यांची झाली असती. आपल्याकडे पोलाद महाग, तेव्हा ती काँक्रीटमध्ये, सांध्यामागून सांधा हातांनी ओतून केली गेली. २०१७ साली ती पाडण्यात आली आणि वास्तुकलेच्या अभ्यासकांनी फार हळहळ व्यक्त केली. आता याचा अर्थ काय? परदेशात युद्धानंतरची टंचाई हे कारण होते. आपल्याकडे कारण असे की सेंटरिंगवाला, लोखंड बांधणारा आणि घमेले वाहणारी बाई, सगळेच स्वस्त होते. त्या साऱ्या थोर इमारतींचा खडबडीतपणा हा सौंदर्यदृष्टीचा भाग असेल, पण तो मजुरीच्या दराचाही भाग आहे. गुळगुळीत संगमरवर हे लपवू शकतो. फळीची रेघ लपवू शकत नाही. म्हणून मला ती रेघ महत्त्वाची वाटते.

आणि काही कलावंतांनी ती रेघ पाहिली आहे. चंदिगडमध्येच नेकचंद नावाचे एक गृहस्थ होते. फाळणीत घर सुटलेले, बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक. नवे शहर वसवताना जी गावे उठवली गेली, त्यांच्या ढिगाऱ्यांतून फुटक्या कपबश्या, कौले, बांगड्या ते सायकलवरून गोळा करीत आणि सरकारी जंगलाच्या जागेत लपूनछपून सिमेंटमध्ये बसवून माणसे, प्राणी, भिंती घडवीत. कित्येक वर्षे कुणाला पत्ता नव्हता. उघडकीस आले तेव्हा बेकायदा म्हणून पाडून टाकता आले असते. पण १९७६ साली ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. नेकचंदांना त्याच कामासाठी पगार आणि मदतीला मजूर मिळाले, १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते वारले. कॉर्बुझिएच्या काँक्रीटच्या अगदी शेजारी हे ‘रॉक गार्डन’ आहे. एकाने शहर उभे केले आणि दुसऱ्याने त्या शहराखाली गाडले गेलेले गोळा केले.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण सांगते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या नलिनी मलानी यांनी १९६९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, एक छोटी फिल्म केली. चित्रकार अकबर पदमसी यांनी त्या सुमारास मुंबईत एक कार्यशाळा सुरू केली होती. चित्रकार, छायाचित्रकार, फिल्म करणारे तेथे एकत्र काम करीत. चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुकार नव्या भारतासाठी नवी घरे कल्पीत होते, त्या स्वप्नाने भारून केलेली ती रंगीत फिल्म. नावच ‘ड्रीम हाउसेस’, म्हणजे स्वप्नातली घरे. पुढे १९७६ मध्ये त्यांनी तिच्या जोडीला दुसरी फिल्म केली, कृष्णधवल. तिच्यात एक तरुणी खिडकीतून मुंबईतल्या झोपडपट्टीकडे पाहते आहे. दोन्ही शेजारी शेजारी दाखवायच्या, आणि त्या जोडीला नाव दिले ‘युटोपिया’. सात वर्षांत स्वप्नाचे काय झाले, ते एकही शब्द न बोलता दिसते. इकडे कोरियांची २८ मजली ‘कांचनजंगा’ ही इमारत १९८३ साली मुंबईत कंबाला हिलवर पूर्ण झाली. ती नावाजण्याजोगी आहेच, पण ती मोजक्या श्रीमंत कुटुंबांसाठी आहे. हेमा उपाध्याय या मुंबईच्या आणखी एका कलावती. २०१५ मध्ये त्यांचा दुर्दैवी अंत झाला. त्यांनी ॲल्युमिनियमचे पत्रे, मोटारींचे भंगार, ताडपत्री, एनॅमल रंग वापरून धारावीसारखी वस्ती लहान आकारात उभी केली. खुद्द वस्तीत घरे ज्या वस्तूंनी बांधतात त्याच वस्तू!

आणि हे सारे मुंबई-दिल्लीचेच, असे कुणी म्हणू नये. आपल्या चाळीसगावी केकी मूस (१९१२–१९८९) होऊन गेले. आयुष्याची कित्येक दशके ते आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांतून दूरदेशीचे निसर्गदृश्य वाटावे अशी छायाचित्रे त्यांनी काढली. त्यांना ‘टेबल-टॉप’ म्हणतात. तेव्हा हाताशी असलेल्या टाकाऊतून कला करणे हा खानदेशाला परका प्रकार नाही.

हे सारे वाचून मी ठरवले की आपणही करून पाहावे. पहिला प्रयत्न दिवाळीच्या सुट्टीत केला. प्लायवूडला कडा ठोकल्या, सिमेंट कालवले, ओतले. दुसऱ्या दिवशी त्याला आरपार भेगा! आप्पांनी पाहिले आणि विचारले की पाणी किती घातलेस. हाताने सांगितले तर म्हणाले की हे काँक्रीट नव्हे, आमटी झाली. दुसऱ्या वेळी ते स्वतः शेजारी बसले. पाणी जपून घाल, आतून जाळी टाक, फळीला तेल पूस, कडेने हातोडीने हळूहळू ठोक म्हणजे हवा निघेल. फळ्यासुद्धा त्यांनीच निवडून दिल्या, जुन्या, शिरा वर आलेल्या, कारण नव्या फळीचा ठसा उठत नाही. बांगड्या आईच्या. कामावर फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे ती एका डब्यात टाकून ठेवत असे. का, ते तिलाही सांगता आले नाही. पाणी मारण्याचे आठ दिवस मी कॉलेजला होते, म्हणून तेही तिनेच मारले. कल्पना माझी, मांडणी माझी. पण ते ओतले गेले, टिकले, उभे राहिले ते त्या दोघांमुळे.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी आई पाहायला आली. आमच्या महाविद्यालयात ती पहिल्यांदाच येत होती. आधी तिने बांगड्यांवरून हात फिरवला. मग खाली चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, वाच. मी वाचले. माझे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. द्वितीय वर्ष कला. मिश्र माध्यम: सिमेंट, वाळू, तार, बारदान, काच.

आईने विचारले, “यामा तुन्हा बापनं नाव नई शे का?”

मी म्हणाले, “आहे की, मधे आहे.”

आणि म्हणता म्हणताच मला उमगले की मी काय बोलले. आपल्याकडे प्रत्येकाच्या नावात बापाचे नाव मधे असते. ते जन्मामुळे असते, कामामुळे नव्हे. आप्पा त्या कागदावर माझे वडील म्हणून होते. ती वस्तू करणारा माणूस म्हणून कुठेच नव्हते. आणि आई तर मधेही नव्हती. तिच्या हाताच्या बांगड्यांचा मी ‘काच’ असा उल्लेख केला होता.

मी ज्यांच्यावर टीका करत होते, त्यांनी केले तेच मीही केले. इमारतीवर वास्तुकाराचे नाव असते, कोनशिलेवर उद्घाटकाचे, अध्यक्षांचे, देणगीदारांचे, कधी कंत्राटदाराचेही. फळ्या लावणाऱ्याचे नसते. हे आजचे नाही. आपण सहलीला अजिंठ्याला जातो. सोळाव्या लेण्यातल्या लेखात ते कोरवून घेणाऱ्या वराहदेवाचे नाव आहे. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री होता. दगडात उतरून ज्यांनी छिन्नी चालवली, त्यांची नावे त्या लेखात नाहीत. चोविसावे लेणे अपुरे राहिले आहे. तिथे गेलात तर पूर्ण लेण्यांपेक्षा जरा जास्त वेळ थांबा. छिन्नीचे घाव तिथे अजून उघडे आहेत. फळीच्या रेघेचे ते फार जुने भावंड आहे.

साहित्यात हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढ्यांनी सोडवायला घेतला. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई म्हणून काम केले आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) लिहून कामगाराला स्वतःच्या नावाने कवितेत उभे केले. आपण ते अभ्यासक्रमात वाचतो, त्यावर दहा मार्कांचा प्रश्न सोडवतो. मग बाहेर येऊन नव्या वर्गखोलीच्या कोनशिलेसमोर फोटो काढतो आणि त्यावर कोण नाही, हे आपल्या लक्षातही येत नाही.

काही प्राध्यापकांनी माझ्याशी बोलताना आक्षेप घेतला की कला ही कल्पनेची असते, हमालीची नव्हे. उद्या कागद बनवणाऱ्याचे नावही कवितेखाली लिहाल काय? आदरपूर्वक सांगते, कागद बनवणारा माझ्या कवितेशेजारी बसून मात्रा दुरुस्त करीत नाही. आप्पांनी माझे काँक्रीट दुरुस्त केले. जिथे दुसऱ्याच्या हातातील जाणतेपणाशिवाय वस्तू उभीच राहणार नाही, तिथे त्याचे नाव यायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप असा की इमारतीवर शेकडो माणसे राबतात, नावे कुठवर लिहिणार? सिनेमाच्या शेवटी दिवे धरणाऱ्यापासून गाडी चालवणाऱ्यापर्यंत सर्वांची नावे सरकतात, ती कशी लिहितात? बांधकामावर तर मजुरी चुकती करण्यासाठी हजेरीचे पुस्तक असतेच. पैसे देताना जी नावे सापडतात, ती दगडावर घालतानाच का सापडू नयेत?

म्हणून या अंकाच्या निमित्ताने तीन सूचना करते. पुढील वर्षीच्या कलाप्रदर्शनात ‘इतर’ऐवजी ‘मिश्र माध्यम’ असे वेगळे सदर असावे. आपल्या घरांत सुतार, गवंडी, शिंपी, कुंभार, वेल्डर आहेत, त्या हत्यारांतून काय निघते ते तरी कळेल. दुसरे, प्रत्येक कलाकृतीखाली ‘कोणाच्या हाताने’ अशी एक ओळ सक्तीने असावी. आणि तिसरे, आपल्या महाविद्यालयात पुढे कधी नवी खोली, नवा जिना, निदान नवा सायकल स्टँड बांधला जाईल, तेव्हा काम करणाऱ्यांची नावे हजेरीच्या पुस्तकातून उतरवून या वार्षिकांकाच्या एका पानावर छापावीत. दगड महाग असेल. एका पानाची जागा तरी महाग नाही.

इतरांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःपासून सुरुवात करावी म्हणतात. प्रदर्शन संपल्यावर ती वस्तू घरी नेली. टेम्पोतून उतरवताना तिचा एक कोपरा उडाला. पाण्याच्या टाकीशेजारी ती आता भिंतीला लावून ठेवली आहे. मागच्या रविवारी जुना कागद खरवडून मी ऑइलपेंटने तीन नावे लिहिली. आईचे, आप्पांचे आणि शेवटी माझे. ‘काच’ खोडून ‘आईच्या बांगड्या’ असे केले. आईने दोनदा वाचून घेतले. संध्याकाळी आप्पा कामावरून आले, सायकल लावली, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले,

“नाव लिखं ते ठीक शे. पन कोपरा फुटी जायेल शे, तो भरी ले.”